चार चकचकीत खिळे

खिळा ही वस्तू माणसाने एकदा भिंगाखाली धरून पाहिली, की तो संसारातून उठला म्हणून समजावे. मी पाहिली. साध्या डोळ्यांना सरळ, गुळगुळीत दिसणाऱ्या त्या खिळ्याच्या माथ्याखाली दोन कुसळे होती, अंगावर साच्याच्या रेघा होत्या आणि टोकापर्यंत ओरखडेच ओरखडे होते. इतकी वर्षे घरातले सगळे फोटो मी असल्या वस्तूच्या भरवशावर टांगत आलो, याची मला लाज वाटली.

फेब्रुवारी जवळ आला, की आमच्या गावात, म्हणजे ओहायोतल्या विंडहॅम फॉल्समध्ये, ज्या घरात स्काउटमधले पोर आहे त्या घरात एक डबी येते. डबीत पाइन लाकडाचा एक ठोकळा, चार प्लास्टिकची चाके आणि चार खिळे. ठोकळ्याची गाडी करायची, खिळे म्हणजे तिच्या चाकांचे आस, आणि मग चर्चच्या तळघरात उतरत्या पट्ट्यावरून ती सोडायची. इंजिन नाही, चावी नाही. जी काही धाव, ती उताराची आणि खिळ्याची. नियमावलीत पहिलेच कलम असे आहे, की गाडी मुलाने स्वतः करावी, पालकांनी फक्त मार्गदर्शन करावे. हे कलम आमच्या गावात सर्वांना मनापासून मान्य आहे. मुले रंग सांगतात आणि बाकीचे मार्गदर्शन आम्ही करतो.

नियमावली तेवढ्यावर थांबत नाही. एखाद्या बापानेच गाडी केल्याचे आढळले तर ती मोठ्यांच्या गटात धावावी आणि मुलाने बघत बसावे, असेही एक कलम आहे. त्या गटासाठी दरवर्षी वेगळा चषक आणतात आणि दरवर्षी परत कपाटात ठेवतात, कारण आजवर त्या गटात एकही गाडी उतरलेली नाही. आमच्या गावातले बाप गाड्या करतच नाहीत.

माझी मुलगी टेसा नऊ वर्षांची आहे. तिने डबी उघडली, ठोकळा उलटासुलटा करून पाहिला आणि जाहीर केले, "मी पाणघोडा करणार."

"पाणघोडा?" मी म्हटले.

"तोंड उघडलेला."

आता मी विमा कंपनीत गारपिटीने फुटलेल्या छपरांची पाहणी करतो. वारा कुठे अडतो आणि काय उडवून नेतो, हे मला पोटापाण्यासाठी ठाऊक असावे लागते. उघड्या तोंडात वारा कसा भरतो, हे मी तिला कागदावर बाण काढून समजावले. तिने बाणांना शेपट्या काढल्या. शेवटी आम्ही तडजोड केली. गाडी पाचरीसारखी निमुळती होईल आणि तिला पाणघोड्याचा रंग दिला जाईल. टेसा म्हणाली, "मग तो पाणघोडा कसला?" पण तडजोडीत दोन्ही पक्षांना थोडे सोडावे लागते, हे तिला आज ना उद्या शिकायचेच आहे.

खिळ्यांचे खूळ माझ्या डोक्यात भरले ते ड्वेन हॉफ्स्टॅडने. ड्वेन आमचा शेजारी, फ्रिजच्या कारखान्यात इंजिनिअर आहे आणि बर्फ काढतानासुद्धा कडा काटकोनात ठेवतो. त्याच्या कॅल्विनने गेली तीन वर्षे चषक नेला होता. त्या शनिवारी आम्ही दोघे आपापल्या फाटकापुढचे बर्फ ढकलत होतो.

"काय गॉर्डन, गाडी कुठवर आली?"

"आकार झाला. अगदी निमुळता केलाय."

"आकार!" ड्वेन फावड्यावर रेलला. मूल बोबडे बोलल्यावर माणसे हसतात, तसा हसला. "अरे, आकाराकडे कोण बघतंय? सगळा खेळ खिळ्याचा आहे. तुझे खिळे कसे आहेत?"

"बरे आहेत."

"बरे!" तो म्हणाला आणि पुन्हा बर्फ काढू लागला. पुढे एक शब्द नाही. एखाद्याचा अपमान पूर्ण वाक्यात केला तर त्याला उत्तर देता येते. मी घरात गेलो आणि भिंग शोधले.

खिळ्याला पॉलिश करण्याची कृती ऐकायला सोपी आहे. खिळा ड्रिलमध्ये टोकाकडून आवळायचा, ड्रिल फिरते ठेवायचे, माथ्याखालची कुसळे बारीक कानशीने काढायची. मग पॉलिश पेपर ओला करून त्यावर धरायचा. आधी जाड, मग बारीक, मग त्याहून बारीक. शेवटचा पेपर इतका बारीक असतो, की पेपर कुठला आणि आपले बोट कुठले ते कळत नाही. पेपर फाटल्यावर कळते. पहिल्या दिवशी माझे खिळे जसेच्या तसे राहिले आणि अंगठा मात्र लखलखीत झाला.

आमच्या गल्लीत एखाद्याच्या गॅरेजचे दार अर्धे उघडे दिसले आणि आतून ड्रिलचा आवाज आला, की सल्ला द्यायला माणसे जमतात. पहिले आले समोरचे डॉक्टर ब्रुबेकर, दातांचे. त्यांनाही दोन स्काउट आहेत. त्यांनी माझा खिळा उजेडात धरला आणि नेहमीच्या सवयीने विचारले, "शेवटचं कधी साफ केलं होतं?"

"आजच करतोय."

"पेपरनं काय होतंय? टूथपेस्ट लावा. आम्ही दवाखान्यात वापरतो ती देतो. पुदिन्याची."

ती पेस्ट मी लावली आणि ड्रिल पूर्ण वेगाने सुरू केले. पुढची हकिकत सांगण्याजोगी नाही. एवढेच सांगतो, की गॅरेजची खिडकी, माझा चष्मा आणि मोटारीची काच यांचे आरोग्य उत्तम झाले आणि खिळ्यावर पेस्टचा थेंबही उरला नाही. डॉक्टरांना हे कळल्यावर ते म्हणाले, "जोर फार लावता तुम्ही. हिरड्या जातात अशानं."

मग ड्वेन फाटकातून डोकावून म्हणाला, "टूथपेस्ट? अरे, ती दातांना! सोनार वापरतात ती लाल पूड आण." आता एखाद्याने आदल्या आठवड्यात आपला अपमान केला असेल, तर त्याचा सल्ला मानू नये हे मला कळते. पण त्याच्या घरी तीन चषक होते. मी लाल पूड आणली.

नेमके त्याच दिवशी माझ्या बायकोने, लॉरेनने, चर्चच्या गानवृंदाचे पांढरे झगे धुवायला घरी आणले होते. ड्रायरमध्ये ते आकसतात म्हणून तिने ते गॅरेजमध्ये दोरीवर टाकले होते, कारण गॅरेज उबदार होते. गॅरेज उबदार होते, कारण मी तिथे हीटर लावला होता. मी हीटर लावला होता, कारण थंडीत बोटे आखडली की खिळा हातातून निसटतो. यात कुणाचीही चूक दाखवता येणार नाही. गारपिटीच्या धंद्यात आम्ही याला निसर्गाचा कोप म्हणतो.

"गॉर्डन, हे झगे गुलाबी का दिसतायत?"

"उजेड तसा पडलाय."

लॉरेनने दिवा बंद करून दार उघडले. बाहेर स्वच्छ ऊन होते. "आता?"

मी ड्रिलवरची लाल पूड पुसू लागलो. त्या रविवारी वेदीच्या डाव्या हाताच्या सगळ्या बायका गुलाबी दिसल्या. त्यांत सर्वांत पुढे, सर्वांत उंच आणि सर्वांत गुलाबी अशा व्हर्ना स्टकी उभ्या होत्या. व्हर्नाबाई आमच्या स्काउट पथकाच्या कार्यवाह. आयुष्यभर त्यांनी वाहन परवान्याच्या खिडकीत बसून लोकांना दुसऱ्या खिडकीकडे पाठवले, आणि निवृत्त झाल्यावर तो आनंद कुठे मिळेल याचा विचार करून समाजसेवा पत्करली. आख्खे भजन त्या माझ्याकडे बघत गायल्या.

याच व्हर्नाबाईंच्या दारात मला दुसऱ्याच दिवशी जावे लागले, कारण माझा एक खिळा हरवला. तीन खिळ्यांवर गाडी चालते का, हे ड्वेनला विचारण्याची माझी तयारी नव्हती.

"जादा खिळे आहेत," व्हर्नाबाई दारातूनच म्हणाल्या, "पण वाकलेला जमा केल्याशिवाय नवा मिळत नाही."

"वाकला नाही, हरवलाय."

"हरवलेल्याची तरतूद नाही, मिस्टर फायफर. वाकलेला आणा."

मी घरी आलो, हत्यारांच्या पेटीतून तेवढ्याच लांबीचा एक खिळा काढला, हातोडीने वाकवला आणि परत गेलो. व्हर्नाबाईंनी तो चष्मा वर करून पाहिला. "हा आमचा नाही. हा कुंपणाचा आहे," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती परवान्याच्या खिडकीत खोटी सही पकडल्यावरची नजर असावी. हरवलेला खिळा पुढे आमच्या ड्रायरमध्ये सापडला. माझ्या पँटच्या घडीतून तो तिथे गेला होता, आणि पँटबरोबर फिरून फिरून इतर तिघांपेक्षा थोडा जास्तच चमकत होता. पण तोपर्यंत व्हर्नाबाईंच्या मनात माझे नाव पक्के झाले होते.

टेसा या काळात अधूनमधून गॅरेजच्या दारात येऊन उभी राहत असे.

"डॅडी, मी फिरवू?"

"आत्ता नको हं. आत्ता नाजूक काम चाललंय."

"मग मी काय करू?"

"तू रंग ठरव."

"रंग ठरलाय. पाणघोड्याचा."

"मग छटा ठरव," मी म्हणायचो. ती थोडा वेळ उभी राहायची आणि जायची. खरे सांगतो, त्या वेळी मला तिचा थोडा रागच यायचा. मी एवढे सगळे तिच्यासाठी करत होतो, आणि ती मध्ये मध्ये येत होती.

पण खिळे! खिळे असे झाले, की त्यांत तोंड बघून दाढी करावी. भिंगाखाली धरले तर भिंगच खराब आहे असे वाटावे. चाक खिळ्यावर चढवून बोटाने एक टिचकी मारली, की मी कॉफी करून येईपर्यंत ते फिरत राहायचे. मी लॉरेनला बोलावून दाखवले. ती म्हणाली, "छान आहे." मी म्हटले, "नीट बघ." ती म्हणाली, "गॉर्डन, खिळा आहे तो." जवळच्या माणसांकडून कौतुक मिळत नाही, हे मी मनोमन स्वीकारले. शर्यतीच्या दिवशी जग बघेल, असे मी ठरवले.

जगाने बघितले. शनिवारी सकाळी चर्चच्या तळघरात कॉफीचे मोठे पिंप उकळत होते, लांब टेबलांवर डोनटचे खोके उघडले होते, गळ्यात पिवळे रुमाल बांधलेली पोरे धावत होती. दाराशी तपासणीच्या टेबलामागे व्हर्नाबाई बसल्या होत्या. पुढ्यात वजनकाटा, पक्कड, जादा खिळ्यांचा डबा आणि भिंग. त्यांनी आमची गाडी उचलली, वजन पाहिले, उलटी केली आणि थांबल्या. एक चाक फिरवले. ते फिरत राहिले. मागे रांग वाढत गेली आणि चाक फिरतच होते.

"हे खिळे डबीतले नाहीत," व्हर्नाबाई म्हणाल्या.

"डबीतलेच आहेत."

"मिस्टर फायफर, तुम्ही मागे माझ्याकडे कुंपणाचा खिळा आणला होतात."

त्यांनी ड्वेनला बोलावले, इंजिनिअर म्हणून. ड्वेनने एक खिळा उपटून घेतला, दिव्याकडे धरला, डोळे बारीक केले, भिंग मागितले. तळघरातली माणसे जवळ सरकली. "छे!" तो म्हणाला. "हाताने हे होणंच शक्य नाही. यंत्रावर केलेला माल आहे हा. विकत आणलाय."

माझ्या उभ्या आयुष्यात माझ्या कामाची एवढी स्तुती कोणी केली नव्हती. छाती भरून आली. मी बोलायला तोंड उघडले, तेवढ्यात व्हर्नाबाईंनी नियम वाचला.

"विकत आणलेले खिळे असतील तर ते काढून साधे खिळे घालायचे, गाडी धावेल. पालकांनी केलेले असतील तर गाडी मोठ्यांच्या गटात, आणि मूल बाद. तर मिस्टर फायफर, हे खिळे कुठून आले?"

म्हणजे पंचाईत बघा. खरे सांगितले तर सगळ्या गावासमोर, ड्वेनसमोर, माझे नाव होणार आणि टेसा भिंतीशी बसून शर्यत बघणार. खोटे सांगितले तर ती धावणार आणि मी आयते खिळे लावून मुलीला जिंकवायला निघालेला लबाड माणूस ठरणार. मी टेसाकडे पाहिले. तिचा रुमाल तिने स्वतःच बांधला होता, त्यामुळे तो कानाखाली गेला होता. हातात तिच्या फेरीच्या क्रमांकाचा कागद होता आणि ती तो मैत्रिणीला दाखवत होती. लॉरेनने मागून माझ्या दंडाला चिमटा काढला. पण चिमट्याच्या आधीच माझे ठरले होते, हे मी इथे नमूद करतो.

"विकत घेतले," मी म्हणालो.

तळघरात एक सुस्कारा पसरला. आपल्यापेक्षा वाईट माणूस सापडल्यावर माणसांना जो आराम वाटतो, तो प्रत्येक बापाच्या चेहऱ्यावर होता. ड्वेनने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "होतं रे असं. मोह होतो." डॉक्टर ब्रुबेकर हळूच कानाशी आले. "कुठल्या साइटवर मिळतात? पुढच्या वर्षाला..."

व्हर्नाबाईंनी पक्कडीने माझे उरलेले तिन्ही खिळे उपटले. दाढ काढताना निदान भूल देतात. मग त्यांनी डब्यातून चार साधे, कुसळांसकट खिळे काढले आणि नियमाप्रमाणे ते बसवायला टेसाला दिले. मी पुढे झालो तर व्हर्नाबाईंनी भिंगानेच मला मागे सारले. टेसा जमिनीवर बसली आणि रबरी हातोडीने खिळे ठोकू लागली. जीभ बाहेर काढून, मन लावून. एक चाक आत गेले, एक बाहेर राहिले, तिसरे जमिनीला टेकेना. माझे डोळे भरून आले. कोणी म्हणेल मुलीच्या कौतुकाने. नाही, खिळ्यांकडे बघवेना.

शर्यतीत आमची गाडी पहिल्या फेरीत शेवटची आली, दुसऱ्या फेरीत शेवटची आली आणि तिसऱ्या फेरीत आलीच नाही. उतार संपल्यावर थोडी लंगडत गेली आणि रेघेच्या अलीकडे थांबली. बाकी गाड्या डोळ्याचे पाते लवेपर्यंत खाली पोचत होत्या, त्यामुळे पाहायला असे काहीच नव्हते. या गाडीला मात्र पोरे दोन्ही बाजूंनी ओरडून ओरडून धाव म्हणत होती, आणि सगळ्यांत मोठ्याने टेसा. चषक अर्थातच कॅल्विनला मिळाला. व्हर्नाबाईंनी त्याच्यापुढे माइक धरला आणि गाडी कशी केलीस म्हणून विचारले.

"मी लाल रंग सांगितला होता," कॅल्विन म्हणाला.

सगळ्यांनी काळ्या कुळकुळीत गाडीकडे पाहिले आणि जोरात टाळ्या वाजवल्या.

मग शेवटचे बक्षीस. मुलाने पूर्णपणे स्वतःच्या हाताने केलेल्या गाडीला एक फ्रेम केलेले प्रमाणपत्र देतात. ते ठरवायला परीक्षकांना वेळ लागत नाही. जी गाडी सर्वांत वाईट चालते, ती मुलाने केली असणार हे उघडच असते. व्हर्नाबाईंनी टेसा फायफर हे नाव वाचले. माझ्या लंगड्या पाचरीला! लॉरेन टाळ्या वाजवू लागली. मीही वाजवल्या.

टेसा व्यासपीठावर गेली, माइक धरला आणि म्हणाली, "पण ही गाडी मी नाही केली."

कॉफीच्या पिंपाचा आवाज ऐकू येऊ लागला.

"मी नुसते आजचे खिळे ठोकले. बाकी सगळं डॅडीनं केलंय. आणि कॅल्विन म्हणतोय की माझ्या डॅडीनं खिळे विकत आणले. नाही आणले. त्यानं स्वतः घासले. रोज घासायचा. त्याचा अंगठा सोलला, आणि ममी बोलायची तरी घासायचा. माझा डॅडी विकतचं लावत नाही."

ड्वेनने खिशातून माझा खिळा काढला. तो त्याने ठेवूनच घेतला होता. त्याने तो पुन्हा दिव्याकडे धरला, मग माझ्याकडे पाहिले आणि इतकेच म्हणाला, "हाताने? लेका!" डॉक्टर ब्रुबेकरांनी माझा हात हातात घेऊन अंगठा तपासला. जे ऐकायला मी गॅरेजमध्ये आठवडेच्या आठवडे उभा होतो, ते सगळे एका मिनिटात ऐकले.

त्याच मिनिटात व्हर्नाबाईंनी टेसाच्या हातातून प्रमाणपत्र काढून घेतले. नियमाला त्यांचाही इलाज नव्हता. त्यांनी यादीतल्या पुढच्या मुलाला हाक मारली आणि विचारले, "बाळा, तुझी गाडी तू केलीस ना? स्काउटच्या शब्दावर सांग." त्या मुलाने आपल्या बापाकडे पाहिले. बाप डोनट निवडण्यात गुंतला होता. मुलाने मान हलवली. नाही. मग त्याच्या पुढची मुलगी. मग ब्रुबेकरांचे दोन्ही. व्हर्नाबाई यादीच्या तळाशी पोचल्या तेव्हा तळघरातले सगळे बाप छताचे पाइप बघत होते, आणि प्रमाणपत्र टेबलावर पडून होते.

टेसा खाली उतरून माझ्यापाशी आली.

"डॅडी, त्यांनी परत का घेतलं?"

"तू बाद झालीस, बेटा. गाडी तू केलेली नाहीस म्हणून."

"ते मला माहीतच होतं," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्हा सगळ्यांनाही माहीत असेल."